तिसऱ्या मालकाच्या वतीने

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली



हे पत्र ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या वतीने लिहितो आहे. आपल्याला हे तालुके नकाशावर शोधावे लागणार नाहीत. मुंबई-नाशिक महामार्ग आसनगाव, आटगाव, खर्डी मागे टाकत कसारा घाटाला लागतो तो शहापुरातून, आणि कल्याणहून येणारा 61 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सरळगाव, टोकावडे करत माळशेज चढतो तो मुरबाडातून. रस्त्यांबद्दल आपल्याकडे पत्रांचा ढीग असेल. मला रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीबद्दल बोलायचे आहे, आणि तेही ती बिघडल्यावर खोलता येते का, एवढ्यापुरतेच.

आमच्याकडे शोरूममधून कोरी गाडी येते ती थोड्यांच्या दारात. बाकीच्या गाड्या ठाणे, कल्याण, नाशिक या बाजूला काही वर्षे चालून मग इकडे येतात. वॉरंटी संपलेली असते, सर्व्हिसचे पुस्तक हरवलेले असते, आणि गाडीचे खरे राबणे इथे सुरू होते. मुरबाडला रेल्वे नाही. शहापूरचे स्टेशन म्हणजे आसनगाव, तेही गावापासून बाजूला. डोळखांब, किन्हवली, शेणवे, धसई, म्हसा या अंगाच्या माणसाची एसटी चुकली की शेअर रिक्षा, इको, मॅजिक, नाहीतर ओळखीतल्या कुणाची जीप. भेंडी आणि काकडी पहाटे कल्याणच्या बाजारात पोचते ती पिकअपने. तानसा, मोडकसागर, भातसा अशी धरणे पोटात घेऊन बसलेल्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात पाणी मिळते ते टँकरचे. झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलेली बाळंतीण पुढे दवाखान्यात पोचते ती बऱ्याचदा गावातल्याच कुणाच्या तरी गाडीने. अशी एक गाडी दोन दिवस उभी राहिली, तर मालकाबरोबर सगळी वाडी अडते.

आणि ती उभी राहते ती मोठ्या बिघाडाने क्वचितच. इंजिन जाम झाले, गिअरबॉक्स फुटला, तर माणूस समजून घेतो. अडते ते रोजच्या कामांवर: दिवा, ब्रेक, बेरिंग, क्लच, फिल्टर, बुश. गाडी चालली की ही झिजणारच. जे झिजणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते, ते बदलायला अवघड का असावे, हा माझा प्रश्न आहे.

सगळ्यात साधे काम घेतो. पुढच्या दिव्याचा बल्ब. बल्ब शे-दोनशेचा. जुन्या जीपमध्ये, कमांडरमध्ये, ट्रॅक्समध्ये दिव्याची कडी काढली की काम हातात. आजच्या कितीतरी गाड्यांत दिव्याच्या मागे हात जात नाही. कुठे बॅटरी काढावी लागते, कुठे एअर फिल्टरचा डबा, आणि काही गाड्यांत पुढचा बंपर उतरवल्याशिवाय दिवा जागचा हलतच नाही. बंपर प्लास्टिकच्या लॉकवर बसवलेला असतो. आठ-दहा वर्षांच्या उन्हाने कडक झालेले लॉक निघताना मोडतात, आणि मग बंपर तारेने बांधून चालवावा लागतो. याचा परिणाम टोकावड्याच्या पुढे रात्री कुणालाही दिसेल. एका दिव्याच्या गाड्या. समोरून येते ती मोटारसायकल की पिकअप, हे अगदी जवळ आल्याशिवाय कळत नाही. मालक निष्काळजी आहे म्हणून दिवा बंद राहतो, असे म्हणणे सोपे आहे. शे-दोनशेच्या बल्बासाठी अर्धा दिवस आणि एक बंपर पणाला लावायचा असेल, तर बाजाराच्या दिवसांत माणूस ते काम पुढे ढकलतो. आपल्याच मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली. त्या आकड्यात गाड्यांच्या दुरवस्थेचाही वाटा आहे, आणि दुरवस्थेमागे आराखडाही आहे.

बल्बाचे उदाहरण मुद्दाम आधी दिले, कारण त्यावर उपाय लिहिलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली तयार झालेल्या आणि युरोपात लागू असलेल्या वाहन नियमांपैकी 48 क्रमांकाचा नियम सांगतो की, दिव्यातला बदलण्याजोगा बल्ब तज्ज्ञाच्या मदतीशिवाय आणि गाडीसोबत दिलेल्या हत्यारांखेरीज खास हत्यार न वापरता नीट बदलता आला पाहिजे. म्हणजे दुरुस्तीची सोय ही कायद्याच्या भाषेत मांडता येते, तपासता येते. मग ती एका बल्बापाशीच का थांबावी?

आता जरा खाली, गाडीच्या पोटाशी येऊ. आमच्या नाक्यावरचे गॅरेज कसे असते ते आपण जाणता. पत्र्याची शेड, पुढे ओढलेली ताडपत्री, तेल मुरून काळी झालेली जमीन, एक जॅक, चार लाकडी ठोकळे आणि पान्यांचा डबा. लिफ्ट नाही. मिस्त्री पाठीवर झोपून काम करतो, आणि आमच्याकडच्या पावसात ते चिखलातच होते. त्याचा हात तयार असतो. आवाजावरून बेरिंग ओळखणारी, क्लचच्या वासावरून प्लेट किती उरली हे सांगणारी माणसे आमच्याकडे आहेत. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकाचे बेरिंग म्हणजे दोन टेपर बेरिंगे. खोलायची, डिझेलमध्ये धुवायची, ग्रीस भरायचे, नट अंदाजाने आवळायचा, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. आता बहुतेक मोटारींत बंद बेरिंग असते, हबमध्ये दाबून बसवलेले. ते टिकते जास्त, हे मान्य. पण गेले की हातोडीने निघत नाही. त्याला प्रेस लागतो. मग हब बसतो तो नकल काढून घेऊन कुणीतरी मुरबाडच्या, नाहीतर थेट कल्याणच्या लेथवाल्याकडे जाते आणि गाडी ठोकळ्यांवर वाट बघते. काही गाड्यांत तर बेरिंग सुटे मिळतच नाही, अख्खा हब घ्यावा लागतो. खालच्या आर्मचे तसेच. झिजतो तो बॉल जॉइंट किंवा रबराचा बुश. पण जॉइंट रिबिटने ठोकलेला असला आणि बुश वेगळा विकत नसतील, तर मुठीएवढ्या वस्तूसाठी हातभर लोखंड विकत घ्यायचे.

क्लचचे काम म्हणजे पूर्वी प्रॉपेलर शाफ्ट सोडला, गिअरबॉक्स जॅकवर उतरवला, प्लेट बदलली, संध्याकाळपर्यंत गाडी चालू. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या जीप आणि पिकअपमध्ये अजूनही तसेच आहे. इकडच्या माणसाला बोलेरो किंवा इको का आवडते, याचे एक कारण इथे आहे. इकोचे इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की प्लग समोर. गिऱ्हाईक मायलेज विचारते, सीट मोजते, पण घेण्याआधी मिस्त्रीला एकदा विचारते, ‘ही खोलता येते का?’ आडव्या इंजिनाच्या छोट्या मोटारींत मात्र तेच काम करायला दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढा, इंजिन वरून टांगून धरा, आणि बऱ्याच गाड्यांत खालची फ्रेमही सोडा. एसीची कूलिंग कॉइल गळाली तर काही गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड बाहेर. एका गळक्या कॉइलपायी स्टिअरिंगपासून वायरिंगपर्यंत सगळे मोकळे करायचे, आणि पुन्हा बसवताना एखादा कपलर सैल राहिला की नवा बिघाड.

हे असे का होते, यावर आमच्या नाक्यावर एकच उत्तर ऐकू येते: कंपनीला आपल्या शोरूममध्ये गिऱ्हाईक ओढायचे असते. त्यात तथ्य नाही असे नाही. पार्ट विकण्यातला नफा नजरेआड होण्याइतका लहान नाही. पण सगळा दोष तिथे टाकला तर उपाय चुकेल, म्हणून कारणे थोडी उलगडून सांगतो.

गाडी ज्या क्रमाने जुळते त्याच्या उलट क्रमाने ती खोलावी लागते. कारखान्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचे सस्पेन्शन एका फ्रेमवर आधीच जुळवतात आणि ते सगळे एकत्र खालून वर चढवतात. त्या वेळी बंपर लागलेला नसतो, वरून-खालून मोकळी जागा असते, उचलायला यंत्र असते. डॅशबोर्डही एसीच्या डब्यासकट एकसंध आत सरकतो. मोठ्या कारखान्यांत मिनिटा-दीड मिनिटाला एक गाडी लाइनवरून उतरते. तिथे चार बोल्टांऐवजी एक प्लास्टिकचा लॉक आला, तर वाचलेले सेकंद कंपनीच्या हिशेबात दिसतात. तोच लॉक दहा वर्षांनी सरळगावात मोडतो आणि एक तास खातो. तो तास कुणाच्याच हिशेबात नाही.

दुसरे कारण आपल्या देशाने स्वतःच्या हाताने तयार केले आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले आणि छोटी मोटार म्हणजे चार मीटरच्या आतली, अशी रेघ मारली. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीच्या नव्या दरांत ती रेघ आणखी ठळक झाली: चार मीटरच्या आत आणि ठरावीक इंजिनाच्या आत असाल तर 18 टक्के, बाहेर गेलात तर 40. साहजिकच प्रत्येक कंपनी चार मीटरमध्ये बसण्यासाठी धडपडते. गिऱ्हाइकाला आत पाय पसरायला जागा हवी, मागे डिकी हवी, अपघातात चुरगळून धक्का सोसणारा पुढचा भागही हवा. मग आकसायचे कुणी? बॉनेटखालच्या जागेने. मिस्त्रीची बोटे जिथे जायची ती जागा करसवलतीत गेली. ही सवलत वाईट होती असे मी म्हणत नाही. तिच्यामुळे कितीतरी घरांत पहिली मोटार आली. पण कराची एक रेघ गाडीचा आराखडा किती बदलू शकते, हे यातून दिसते आणि ते पुढे उपयोगी पडेल.

तिसरे कारण धुराचे. 1 एप्रिल 2020 पासून धुराची मर्यादा घालणारा बीएस-6 नियम आला. भिवंडी-कल्याणची हवा ज्यांनी छातीत घेतली आहे ते या नियमाच्या विरोधात जाणार नाहीत. पण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिनाला चिकटून बसवावा लागतो. त्याच्यावर उष्णतेचे पत्रे, शेजारी सेन्सर, डिझेल असेल तर काजळी अडवणारा फिल्टर. तो फिल्टर साफ व्हायला आतली काजळी जाळावी लागते, त्याला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती येते गाडी काही वेळ एका लयीत पळाली तर. डोळखांब-शहापूर अशा थांबत-थांबत फेऱ्या मारणाऱ्या पिकअपला ती लय मिळते कुठे? फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा पेटतो, गाडीची ताकद आपोआप कमी होते. त्यानंतर लागतो स्कॅनर, आणि तोही त्या कंपनीचे कुलूप उघडणारा. काजळी जाळायचा हुकूम त्यातूनच द्यावा लागतो. असा स्कॅनर नाक्यावर नसतो. मग काही मालक फिल्टर पोकळ करून घेतात, सेन्सर बायपास करतात. ते बेकायदा आहे, आणि धूर पुन्हा आमच्याच मुलांच्या नाकात जातो. कायदेशीर दुरुस्ती हाताबाहेर ठेवली की स्वच्छ हवेचा नियमच आतून पोखरला जातो, ही गोष्ट आपल्या अधिकाऱ्यांनी फार गांभीर्याने घ्यावी अशी माझी विनंती आहे.

स्कॅनरचा विषय निघालाच आहे तर तोही संपवतो. कॉमन रेल डिझेलचा नवा इंजेक्टर बसवला की बऱ्याच गाड्यांत त्याच्यावरचा कोड गाडीच्या संगणकाला सांगावा लागतो. एबीएसच्या आत हवा शिरली की नुसता पेडल मारून ब्रेकची हवा निघत नाही. किल्ली हरवली तर नवी किल्ली गाडीला ओळखून द्यावी लागते. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे चोरी, सुरक्षा, धूर असे खरे कारण आहे. फक्त ते कुलूप उघडण्याची परवानगी कुणाला, हे कारणात बसत नाही. ते कुणीतरी ठरवलेले आहे. दुचाकींचेही तसेच. गेल्या काही वर्षांत बऱ्याच मोटारसायकली किकशिवाय येऊ लागल्या. बॅटरी अशक्त झाली की बटणाने गाडी सुरू होत नाही, आणि स्कूटर असेल तर ढकलूनही नाही. शहरात हाकेवर बॅटरीवाला असतो. माळशेजच्या पायथ्याशी, भर पावसात, मोबाइलला रेंज नसताना एक किक काय मोलाची असते!

या सगळ्याच्या मुळाशी एक हिशेब आहे, आणि तो परक्या देशांतला आहे. जपानात, जर्मनीत मिस्त्रीचा तास महाग आणि पार्ट त्या मानाने स्वस्त. म्हणून तिथे बुश बदलण्यापेक्षा अख्खा आर्म बदलणे परवडते. आमच्याकडे नेमके उलटे आहे. मिस्त्रीची दिवसाची मजुरी थोडी आणि पार्टची किंमत डोळे पांढरे करणारी. ज्या देशात हाताला काम हवे आहे आणि वस्तू महाग आहे, त्या देशाची गाडी शेवटच्या वॉशरपर्यंत खोलता आली पाहिजे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या घेणारी, 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. गाड्या बनवणारे चाकण आहे, नाशिक आहे. कसारा घाट चढून गेले की इगतपुरीत महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे. आमच्या शहापूरच्या मिस्त्रीपासून गाडीच्या इंजिनाचे जन्मस्थान एका घाटाच्या अंतरावर असू शकते. तरी त्याचा अनुभव वर चढत नाही, कारण विचारायला कुणी येत नाही. शोरूमच्या सर्व्हिस सेंटरकडून कंपनीला माहिती मिळते ती वॉरंटीतल्या गाड्यांची, म्हणजे पहिल्या मालकाच्या गाड्यांची. आमचा मालक तिसरा. कंपनीच्या दृष्टीने तो गिऱ्हाईकच नाही.

एसटीपुरता हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटलेला होता. हजारो बस घेणारी संस्था, गावोगावचे आगार, स्वतःचे फिटर, दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याला स्वतःच्या मध्यवर्ती कार्यशाळा. जुन्या लाल गाडीत ड्रायव्हरशेजारचे झाकण उचलले की इंजिन गुडघ्याच्या उंचीवर समोर यायचे. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकापुढे कंपनीला ऐकावे लागते. एक पिकअप हप्त्याने चालवणाऱ्या माणसाचे कोण ऐकणार? त्याच्या बाजूने सरकारनेच बोलायला हवे.

सरकारी पातळीवर कुणी बोललेच नाही असेही नाही. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून निघालेल्या प्रकरणात 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आक्षेप नेमका आमचाच होता: सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना मिळू देत नाहीत. भाग खुल्या बाजारात द्या, उपकरणे आणि माहिती द्या, असा आदेश झाला. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर 2016 मध्ये त्यातल्या तीन कंपन्यांच्या अपिलावर न्यायाधिकरणाने दंड कमी केला, पण आयोगाचा निष्कर्ष कायम ठेवला. जुलै 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि मोटारी व शेतीची अवजारे ही दोन्ही क्षेत्रे तिच्या यादीत घेतली. त्या वर्षीच्या 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू झाले. 2024 मध्ये त्याच विभागाने वस्तू किती दुरुस्त करण्याजोगी आहे याचा निर्देशांक ठरवायला दुसरी समिती नेमली. मे 2025 मध्ये तिचा अहवाल आला. तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा. गाडी त्यात नाही. मोबाइल बंद पडला तर माणूस खोळंबतो. गाडीचा ब्रेक नीट दुरुस्त झाला नाही तर माणूस मरतो. क्रम उलटा लागला आहे.

बाहेरचे देश काय करतात हेही थोडक्यात सांगतो. युरोपात स्वतंत्र गॅरेजला दुरुस्तीची माहिती देणे कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2022 पासून तसा कायदा लागू झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2012 मध्येच कौल दिला होता. आणि जानेवारी 2025 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरवर खटला भरला, कारण ट्रॅक्टरची पूर्ण दुरुस्ती करणारे सॉफ्टवेअर कंपनी फक्त आपल्या डीलरांना देते असा आरोप आहे. त्याच कंपनीचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीत आहे. मात्र या सगळ्या कायद्यांत मला एक उणीव दिसते. ते माहिती आणि उपकरणे मागतात. आराखड्याला हात घालत नाहीत. बंपर उतरवल्याशिवाय बल्ब निघत नसेल, तर बंपर कसा उतरवायचा याची पुस्तिका मिळून काय उपयोग?

म्हणून आपल्याकडे मागणे आहे ते आराखड्याच्या टप्प्यावरचे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 प्रमाणे कोणतेही नवे मॉडेल बाजारात येण्याआधी ठरलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. त्या तपासणीत धूर बघतात, ब्रेक बघतात, दिवे बघतात. तिथेच रोजची पंधरा कामे बघा. पुढचा-मागचा बल्ब, हवेचा आणि इंधनाचा फिल्टर, बॅटरी, ब्रेक शू आणि पॅड, चाकाचे बेरिंग, क्लच प्लेट, बॉल जॉइंट, बुश, पट्टा, स्टार्टर, अल्टरनेटर, वॉटर पंप. एआरएआयच्या आवारात लिफ्ट न वापरता, साध्या पान्यांच्या डब्यासह, आयटीआयतून मोटर मेकॅनिक किंवा डिझेल मेकॅनिक शिकून बाहेर पडलेल्या मुलाला ती करायला लावा आणि वेळ लिहून ठेवा. किती लॉक मोडले, किती भाग निष्कारण काढावे लागले, झिजलेली वस्तू सुटी मिळते की अख्खा जोड घ्यावा लागतो, हे लिहा. आणि ते आकडे गाडीवर छापा.

गाडीच्या सुरक्षेला गुण देणारे भारत एनकॅपचे तारे आपण ऑगस्ट 2023 मध्ये आणले. सक्ती नव्हती, तरी कंपन्या जाहिरातीत पाच तारे मिरवू लागल्या, कारण गिऱ्हाईक विचारू लागले. दुरुस्तीच्या ताऱ्यांचेही तसेच होईल. म्हसाच्या यात्रेत बैल घेणारा माणूस त्याचे दात बघतो, खूर उचलून बघतो, चालवून बघतो, मगच पैसे मोजतो. गाडी घेणाऱ्याला रंग आणि पडदा सोडून काही बघताच येत नाही. पहिल्या मालकालाही याचा फायदा आहे: जी गाडी सहज खोलता येते तिला दहाव्या वर्षीही भाव मिळतो. आणि चार मीटरच्या रेघेने बॉनेट आखडू शकते, तर दुरुस्तीच्या गुणांशी जोडलेली थोडीशी करसवलत ते पुन्हा मोकळे करू शकेल. त्यासाठी अर्थ मंत्रालयाशी बोलायला आपल्याइतका योग्य माणूस नाही.

विजेच्या गाड्यांच्या बाबतीत तर थांबायला वेळच नाही. ऑक्टोबर 2024 पासून पीएम ई-ड्राइव्ह योजनेत 10,900 कोटी रुपयांची तरतूद आहे. लोकांचा पैसा या गाड्यांत जातो आहे. आज ठाण्यात घेतलेली इलेक्ट्रिक स्कूटर काही वर्षांनी किन्हवलीत येणार. तिची बॅटरी चिकटवून बंद केलेली असेल, एक सेल गेला म्हणून अख्खा पॅक बदलावा लागत असेल आणि कंट्रोलर फक्त कंपनीच्या लॅपटॉपला ओळखत असेल, तर ती इथे भंगार म्हणूनच पोचेल. अनुदानाला अट घालता येते. बॅटरी खोलता येणारी, सेलचा गट बदलता येणारा, तपासणीची माहिती खुली. ज्या गाड्या अजून रेखाटल्या जात आहेत त्यांत हे घालणे स्वस्त आहे. रस्त्यावर आल्यानंतर अशक्य.

कंपन्या म्हणतील, सुरक्षा धोक्यात येईल, नवखा हात लागेल, चोरी वाढेल. नवखा हात आजही लागतोच आहे, फक्त पुस्तिकेविना लागतो. अंदाजाने आवळलेला बोल्ट आणि नकली ब्रेक पॅड हे आजचे वास्तव आहे, कारण खऱ्या पार्टची किंमत आणि खरी माहिती नाक्यापर्यंत पोचत नाही. बोल्ट किती ताकदीने आवळायचा याचा आकडा मराठीत, हिंदीत मोबाइलवर मिळाला, तर आमचा मिस्त्री तो पाळेल. किल्ली आणि इंजिनाच्या संगणकाची कुलपे नोंदणी केलेल्या मिस्त्रीलाच उघडता येतील अशी व्यवस्था करता येते. त्यासाठी लागणारी फी त्याच्या मजुरीला परवडेल अशी ठेवा.

नव्या गाड्या कमी बिघडतात हेही मी मान्य करतो. पूर्वी पाच हजार किलोमीटरवर बदलावे लागणारे ऑइल आज दहा हजारांवर चालते. इंजिने जास्त टिकतात, धूर कमी, ब्रेक भक्कम. ज्या अभियंत्यांनी हे साधले त्यांना बल्बामागे हात जाईल एवढी जागा ठेवणे अवघड नाही. त्यांना तसे सांगितले गेलेले नाही, एवढेच. ते सांगण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

मोटार वाहन नियमांतल्या बदलाचा मसुदा निघाला की हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. आपण नियम 126 मध्ये दुरुस्तीच्या तपासणीचा मसुदा काढा. शहापूर, आसनगाव, किन्हवली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे इथल्या गॅरेजांतून कोणत्या गाडीचे कोणते काम कुठे अडते, याची मॉडेलवार यादी आम्ही त्या तीस दिवसांत आपल्या मंत्रालयाकडे लेखी पाठवू.

आपला,
मुरबाड तालुक्यातील एक वाहनधारक